बुधवारची पैज

चपला दाराबाहेर काढा आणि जरा वाकून आत या, चौकट ठेंगणी आहे. सोलापूर. गिरणी कामगारांची चाळ. 1972 सालच्या नोव्हेंबरातला एक बुधवार, संध्याकाळचे पावणेआठ. एवढ्याशा खोलीत आत्ता पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसली आहेत, त्यातली घरची पाच. तुम्हाला कोणी ‘कोण, कुठले’ विचारणार नाही. बुधवारी या वेळेला येणारा माणूस कशासाठी आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पोरं सरकून जागा करतील, तिथे मांडी घाला.

चुलीजवळ आजी भाकऱ्या थापते आहे आणि तोंडाचा पट्टाही चालू आहे. पावसाने सलग तिसऱ्या वर्षी दगा दिलाय. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळतो. त्याच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी परातीतच तडकते, आणि दर तडकलेल्या भाकरीमागे आजी अमेरिकेला एक शिवी घालते. शेंगाची चटणी मात्र इथलीच आहे. ती पुढे आली तर नको म्हणू नका.

आता फळीकडे बघा. मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, अंगावर क्रोशाचा रुमाल, मागच्या बाजूला पोस्टाच्या तिकिटांचं लायसनचं पुस्तक खोचलेलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली आहे, ती एरियल. बटण फिरवलं तरी लगेच काही ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. मग काचेमागे उजेड येतो आणि हळूहळू खरखर उमटते. काट्याला हात लावायचा हक्क घरातल्या सातवीतल्या पोराला एकट्यालाच आहे. त्याचा बाप सुद्धा लावत नाही. शॉर्टवेव्हवर स्टेशन सापडणं सोपं, ते टिकवणं अवघड. 41 मीटरच्या आसपास काटा केसभर सरकला की अरबी बातम्या घुसतात, अजून केसभर सरकला की तारेची कटकट सुरू होते. पोरगा दोन बोटांनी काटा धरून बसला आहे, जीभ दातांत. आवाज लाटेसारखा वर येतो, पुन्हा खोल जातो, पुन्हा वर येतो, आणि एका वरच्या लाटेवर तो माणूस सापडतो. आधी बहिणी, मग भाऊ, या क्रमाने सगळ्यांना हाक मारणारा. अमीन सायानी.

खोलीत एकदम चिडीचूप. आजीसुद्धा अमेरिकेला सोडून देते.

या गप्प झालेल्या माणसांत घरी मराठी बोलणारे थोडे, तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर बरेच, एकदोघे कन्नड, आणि दाराशी टेकलेला मोमीन तरुण दख्खनीवाला. अमीनसाहेबांची हिंदुस्तानी या सगळ्यांना कळते, आणि हा योगायोग नव्हे. त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या. मजकूर एकच, छपाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलाने तिथे हाताखाली काम केलं. ज्याला जड शब्द कळत नाहीत त्याच्याशी कसं बोलायचं, याचं शिक्षण त्याला त्या पाक्षिकात मिळालं. लोक त्यांच्या आवाजाची तारीफ करतात. माझं मत विचाराल तर खरी करामत शब्द निवडण्यात आहे.

तुमच्या मनात आलंच असेल, की हिंदी सिनेमाची गाणी, मुंबईत रेकॉर्ड होणारा कार्यक्रम, ऐकणारे सोलापूरकर, मग हे सगळं कोलंबोहून का? त्याचं श्रेय आपल्याच एका माणसाला जातं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, 1952 पासून दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीतावर त्यांची श्रद्धा आणि सिनेमाच्या गाण्यांवर राग. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, आणि त्याच वर्षाच्या 3 डिसेंबरला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिलोनकडे महायुद्धात ब्रिटिशांनी सैन्यासाठी उभारलेला जबरदस्त ट्रान्समीटर आयता पडून होता. सीबा कंपनीला टूथपेस्ट विकायची होती. मुंबईत टेप तयार करायची, विमानाने कोलंबोला पाठवायची, आणि तिथून ती समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याच घरात यायची. सरकारला पुढे शहाणपण सुचलं, 1957 मध्ये विविध भारती आली, 1967 मध्ये मुंबई-पुणे-नागपूरला तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. पण बुधवारचे आठ तोवर गेले होते ते गेलेच. या मे महिन्यात सिलोनचं श्रीलंका झालंय, रेडिओचं नावही बदललंय. चाळीत अजून सिलोनच.

पोराच्या मांडीवर दोनशे पानी वही आहे. त्यात रकाने आखलेत: पायदान, गाणं, सिनेमा, गेल्या आठवड्याची जागा. अमीनसाहेब खालच्या पायदानापासून वर चढत जातात आणि पोरगा लिहीत जातो. एखादं गाणं दोन पायऱ्या घसरलं की खोलीत कोणीतरी च्च् करतं, जसा काही घरातल्याच पोराचा नंबर घसरला. तो वहीतली जुनी पानं उलटून तुम्हाला दाखवेल. डिसेंबरात वर्षाचा हिशोब लागणार आहे, वर्षभरातलं एक नंबरचं गाणं कुठलं ते तेव्हा कळेल.

इथे तुम्हाला मोह होतो. तुम्ही पन्नासेक वर्षं पुढून आलात. या दशकातलं काय टिकलं, काय वाहून गेलं, हे तुमच्याइतकं इथे कोणाला ठाऊक? तुम्ही हळूच म्हणता, ‘पाकीझा’.

पोरगा वहीतून मान वर काढतो. “काय बोलायलाव काका? ‘दम मारो दम’ येणार.”

“पाकीझा. लावतोस पैज?”

“लावा की. हरलाव तर शिणेमाचं तिकीट तुमचं.”

तुम्ही हरता. 1972 चं पहिलं गाणं ‘दम मारो दम’च ठरतं. आशा भोसले आणि राहुल देव बर्मन. आकाशवाणीने जे वाजवायचं नाही असं ठरवलं होतं तेच. गांजाच्या धुराचं गाणं सरकारी रेडिओवर नको, हे दिल्लीचं म्हणणं. सोलापूरच्या चाळीत मात्र आजी भाकऱ्या थापताना त्याच गाण्यावर मान हलवत होती. आणि ‘पाकीझा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद? चित्रपट पडद्यावर येण्याआधी चार वर्षं ते वारले होते.

यानंतर तुम्ही सावध व्हायला हवं होतं. पण भविष्य ठाऊक असलेल्या माणसाला सावधपणा सुचत नाही. 1973 च्या शेवटी तुम्ही ‘बॉबी’वर पैज लावता. सप्टेंबरात सिनेमा आलाय, गावातल्या पोरींनी तिच्यासारखे ठिपक्यांचे ब्लाउज शिवायला टाकलेत. पहिलं येतं ‘जंजीर’मधलं, मन्ना डेंचं, पठाणाच्या वेशातल्या प्राणने पडद्यावर म्हटलेलं दोस्तीचं गाणं. पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा ‘बॉबी’च म्हणता, आता तिला अख्खं वर्ष मिळालंय म्हणून. पहिलं येतं ‘कोरा कागज’चं शीर्षकगीत. पोरगा प्रत्येक वेळी पुढच्या बाकड्यावरचं तिकीट वसूल करतो आणि तुम्हाला सोबत नेतो, हा त्याचा मोठेपणा.

1975. आता मात्र तुमची खात्री आहे. 15 ऑगस्टला मुंबईत ‘शोले’ लागला. पोरगा आता दहावीत आहे, ओठावर लव आली आहे. तुम्ही म्हणता ‘शोले’, आणि तो हसतो.

“काका, तुम्हाला हिशोबच कळंना.”

मग तो समजावतो. वर्षाचा नंबर म्हणजे आठवड्या-आठवड्यांची बेरीज. ऑगस्टात आलेल्या गाण्याला आठवडे मिळतात किती? उलट ‘रोटी कपडा और मकान’ गेल्या ऑक्टोबरातला, त्यातल्या महागाईच्या कव्वालीला जानेवारी ते डिसेंबर पुरं वर्ष. शिवाय ‘शोले’ची जी रेकॉर्ड लोक वेड्यासारखी घेतात ती गाण्यांची नव्हेच, संवादांची. गब्बरला पायदान कुठलं देणार?

तो जे सांगत नाही ते तुम्ही खोलीतून ओळखा. 1974 मध्ये महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या वर गेला होता. ज्या घरात तीन वर्षांपूर्वी मिलोची भाकरी तडकत होती त्या घरात वर्मा मलिकची ती कव्वाली लागली की बाप रेडिओ मोठा करायला सांगतो. तो आवाज मोठा करायला सांगतो अशी गाणी फार नाहीत. वर्षाचं पहिलं गाणं म्हणजे वर्षाचं सर्वांत गोड गाणं, असं तुम्ही इतके दिवस धरून चालला होता. या घरात ते रेशनच्या रांगेतून आलं.

आता काही महिने पुढे सरका. 19 मे 1976, बुधवार. सोलापूरचा मे. दुपारी नवी पेठेतल्या रेकॉर्डच्या दुकानात चला, रेडिओ लागायला अजून अवकाश आहे. काउंटरमागे खोक्यांत उभ्या रचलेल्या ईपी. सात इंचाच्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, बहुतेकींवर दोन बाजूंना मिळून चार गाणी. कुत्र्याच्या चित्राच्या बहुतेक साऱ्या कलकत्त्याच्या दमदममधून आलेल्या, काही पॉलिडोरच्या. ज्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे तो माणूस इथे सुपारीवाल्यासारखा रुबाबात येतो, पाकिटातून तबकडी काढून उन्हात तिरपी धरतो, चरे बघतो. बाकीचे नुसते ऐकायला येतात आणि दुकानदार त्यांना हाकलत नाही, कारण तेच चारचौघांत गाणं पसरवतात.

गीतमालेची यादी बनायची एक वाट अशा दुकानांतून जाते. सुरुवातीच्या वर्षांत श्रोत्यांच्या पत्रांवर बरंच काही ठरायचं. पत्रांचे ढीग यायला लागले आणि ढिगांबरोबर लबाडीही आली, एकाच हाताने लिहिलेली शंभर पत्रं यायची. म्हणून मग रेकॉर्ड किती खपली हे विचारायला सुरुवात झाली. त्यातही गोम निघाली. गाणं फारच चाललं की माल संपतो, नवा माल येईपर्यंत विक्री शून्य, आणि यादीत त्याच गाण्याची घसरण दिसायची! त्यावर तोड म्हणून श्रोता संघ. देशभर गावोगाव रेडिओ ऐकणाऱ्यांचे संघ, ते आठवड्याला आपला कौल कळवतात आणि विक्रीच्या आकड्यांतली खोट भरून निघते. कुठल्याही सर्वेक्षण कंपनीशिवाय, टपालाच्या भरवशावर चाललेला हा कारभार मला आजच्या पडद्यावरच्या आकड्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. माझा पक्षपात म्हणा.

आपल्या पोराने चाळीतला असा एक संघ काढलाय आणि तोच चिटणीस झालाय. गोल रबरी शिक्का करून घेतलाय, जांभळी शाई. संध्याकाळी गच्चीवर सगळे जमलेत, दिवसभर तापलेली फरशी अजून भाजते म्हणून पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या आहेत. मर्फी खालीच आहे, वर कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आणलाय. आठला अजून अर्धा तास. तेवढ्यात या आठवड्याचं पत्र लिहून टाकायचं, कौल घ्यायचा. पोरं एकमताने किशोर कुमारचं एक गाणं सांगतात.

बाप म्हणतो, “ते नको.”

आणीबाणीला वर्ष होत आलंय. गेले दोन आठवडे विविध भारतीवर किशोरचा आवाज नाही. का नाही, याची जाहीर सूचना कुठेच लागलेली नाही, पण कुजबुज सोलापूरपर्यंत आली आहे. 4 मेपासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली आहेत. सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला हातभार लावायला त्याने नकार दिला, ही त्याची चूक. त्याच्या रेकॉर्डची विक्री रोखण्यापर्यंत मजल गेली होती हे पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर यायचं आहे. तुम्हाला ते आत्ताच ठाऊक आहे. दुपारी दुकानात तुम्ही किशोरची एक ईपी मागितली तेव्हा दुकानदाराने आधी दाराकडे का पाहिलं, हेही तुम्हाला कळलं.

पोरगा हट्टाला पेटतो. “सिलोन आहे बाबा. तिथं दिल्लीचं काय चालतंय?”

बरोबर आहे. दिल्लीचा हुकूम कोलंबोत चालत नाही. पण बापाला जे दिसतं ते पोराला दिसत नाही: कार्यक्रम तयार होतो मुंबईत, पैसे देणारी कंपनी इथली, टेप नेणारं विमान इथून उडतं, यादी ज्या रेकॉर्डींवर ठरते त्या दमदमला बनतात, आणि हे पत्र टाकायचं आहे ते भारत सरकारच्या लाल पेटीत. गिरणीत युनियनची माणसं रात्रीतून गेली आहेत. बाप बराच वेळ काही बोलत नाही. शेवटी म्हणतो, “नाव लिही. शिक्का नको मारू.”

बिनशिक्क्याचं पत्र संघाचं धरत नाहीत. ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगा पत्र लिहितो, शिक्का हातात घेतो, शाईच्या पॅडवर टेकवतो, बापाकडे बघतो आणि इतका जोराने मारतो की जांभळी शाई मागच्या बाजूला उमटते. बाप उठून कठड्याशी जाऊन विडी पेटवतो. तुम्ही मध्ये पडू नका. आठ वाजतात, ट्रान्झिस्टरची एरियल वर ओढली जाते, आणि त्या रात्री लाट वर आली की गच्चीवरची सगळी डोकी एकदम पुढे झुकतात, खाली गेली की एकदम मागे.

त्या वर्षी पैज लागतच नाही. ऑगस्टच्या 27 तारखेला मुकेश अमेरिकेत डेट्रॉइटला दौऱ्यावर असताना गेला. पुढच्या बुधवारी गल्लीत गणपती बसलेले, मंडपाचे कर्णे चालू, आणि इथे दार लावून घेतलेलं. ‘कभी कभी’चं मुकेशने गायलेलं शीर्षकगीत वर्षाचं पहिलं ठरणार हे सगळेच धरून चाललेत, आणि तसंच होतं. त्या गाण्याचं मूळ साहिरच्या जुन्या संग्रहातली कविता होती. ती तरुणपणी लिहिणाऱ्या साहिरने टूथपेस्टच्या कार्यक्रमात तिचा पहिला नंबर येईल असं स्वप्नातही पाहिलं नसेल.

1977 ला तुम्ही पुन्हा माज करता, ‘अमर अकबर अँथनी’. हरता. ‘लैला मजनू’चं लताबाईंचं गाणं पहिलं येतं, चाल मदनमोहनची, आणि मदनमोहन जुलै 1975 मध्येच गेलेला. जिवंतपणी त्याला लोकप्रियतेच्या यादीने फारसं विचारलं नव्हतं. तुम्ही तिकीट काढायला मुकाट्याने रांगेत उभे राहता. या हरण्याचं मात्र वाईट वाटत नाही.

त्या रांगेत एक गोष्ट लक्षात घ्या. शेजारच्या थिएटरात दादा कोंडके आहेत, हाउसफुल्लचा फळा लागलाय. पाच वर्षांपूर्वी ‘पिंजरा’ लागला तेव्हा राम कदमांच्या चाली लग्नाच्या बँडपासून तमाशाच्या फडापर्यंत सगळीकडे होत्या, यंदा ‘जैत रे जैत’मध्ये हृदयनाथ आणि ना. धों. महानोर यांनी वेगळंच काही करून ठेवलंय. यातल्या एकाही गाण्याला पायदान नाही. ‘आपली आवड’ला पत्रं जातात, गाणी लागतात, पण मोजत कोणी नाही. मराठी गाणं किती चाललं हे थिएटरच्या पाटीवरच्या आठवड्यांवरून ओळखायचं, नाहीतर मंडपवाल्याकडची रेकॉर्ड किती झिजली त्यावरून. आजीला हे सांगून बघा. ती म्हणेल, बरंच झालं, नंबर लागला की घसरतो.

1978 चा उन्हाळा. पोरगा आता गिरणीत बदली कामगार आहे, सकाळच्या पाळीला भोंग्याआधी निघतो. बुधवार चुकवत नाही. शेजारी आखातातून आलेल्या कोणीतरी टू-इन-वन आणलाय, त्यात कॅसेट चालते, आणि चार पोरं आपापल्या कोऱ्या कॅसेट घेऊन तिथे गाणी भरून घ्यायला बसतात. दुकानात न जाता गाणं घरी येतंय. यादीवाल्यांनी हे कसं मोजायचं, यावर चिटणीसाने कपाळाला हात लावलाय.

मे महिन्यात ‘डॉन’ आलाय. तुम्ही या वेळी नीट विचार करता. किशोर, कल्याणजी-आनंदजी, बनारसी पान. हे टिकणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तुमच्या काळातल्या वरातीही त्यावर नाचतात. “डॉन,” तुम्ही म्हणता, “आणि या खेपेला दोन तिकिटं.”

“‘अंखियों के झरोखों से’,” तो म्हणतो. हेमलताचा आवाज, शब्द आणि चाल दोन्ही रवींद्र जैनांची. “मार्चात आलंय. आठवडे मोजा.”

वर्षअखेरीला तोच जिंकतो. दोन तिकिटं, भज्यांची प्लेट वेगळी.

पण तुम्ही डिसेंबर 1979 पर्यंत थांबा. काटा आता चाळीतल्या धाकट्या पोराच्या हातात आहे, चिटणीस नुसता वही घेऊन बसलाय. खालून वर, एकेक पायदान, आणि शेवटी वर्षाचं पहिलं गाणं: ‘डॉन’चं पान. तुम्ही उडी मारून उठता. सगळ्यांसमोर हात पुढे करता.

तो वही मागे चाळतो, मे 1978 चं पान काढतो, तुमची पैज तारीखवार लिहिलेली दाखवतो.

“बोली अठ्ठ्याहत्तरची होती काका.”

“गाणं तेच आहे!”

“गाणं तेच. साल दुसरं. त्यात बदल चालत नाही.” आणि आजीकडे वळून, “आजी, तूच सांग बरं.”

आजी तव्यावरून मान वर करते. “दे की रे त्यांना एक तिकीट. येऊ-येऊन दमले असतील.”

“अर्धं देतो,” चिटणीस म्हणतो.